सकाळी सेल्फ मारताच इंजिन टिकटिकतंय? कारण शोधण्यापासून दुरुस्तीपर्यंत

रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सेल्फ मारला की पहिल्या काही क्षणांत बॉनेटखालून बारीक, कोरडा, घड्याळासारखा आवाज येतो. टिक-टिक-टिक. ॲक्सिलरेटर दाबला की तो जोरात होतो आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतो. थांबला म्हणून आपण विसरतो, पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो. मग कुणी सांगतं टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले छोटे भाग) वाजतायत, कुणी जाडं ऑइल टाकायला सांगतं, कुणी एखादी बाटली ऑइलमध्ये ओतायला सांगतं.

माझं सांगणं एकच आहे: काहीही ओतण्याआधी आणि एकही बोल्ट सैल करण्याआधी हातात घड्याळ घ्या. आवाज किती वेळाने थांबतो, यावरून अर्धं निदान होतं. टॅपेट, सायलेन्सरची बाजू, टायमिंग चेन (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून कॅमचा दांडा फिरवणारी साखळी), पिस्टन हे सगळे थंड इंजिनात वाजू शकतात, पण प्रत्येकाची गप्प होण्याची वेळ वेगळी असते.

आधी लाल दिवा पाहा

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर तेलाच्या कुपीचं लाल चिन्ह लागतं आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझतं. ते विझत नसेल, मध्येच लुकलुकत असेल, किंवा आवाज टिकटिक नसून खोलवरचा ठक-ठक असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करा. ऑइलचा दाब नसताना इंजिन थोडा वेळ जरी चाललं तरी बेअरिंग खराब होतात. तशी गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नका, ओढून न्या. पुढच्या चाचण्या लाल दिवा वेळेवर विझणाऱ्या गाडीसाठी आहेत.

पहिली पायरी: थंड सुरुवात रेकॉर्ड करा

गाडी किमान सहा ते आठ तास उभी राहू द्या. दुपारी तासभर थांबवून केलेली चाचणी फसवते, कारण ऑइल अजून वरच्या भागात असतं आणि इंजिनही कोमट असतं.

गाडी उघड्यावर आणा. बंद जागेत इंजिन चालवून आवाज ऐकणं जिवावर बेतू शकतं, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाही, ओढणी, लांब केस, गळ्यातली साखळी हे सगळं बेल्ट आणि पंख्यापासून दूर ठेवा. रेडिएटरचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

एसी आणि ब्लोअर बंद ठेवा. बॉनेट उघडून मोबाइल एका ठरावीक जागी टेकवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. ॲक्सिलरेटरला हात-पाय लावायचा नाही. रेकॉर्डिंग पाच मिनिटं तरी चालू राहू द्या. बाहेर किती थंडी होती, गाडी किती तास उभी होती, आवाज कितव्या सेकंदाला सुरू झाला आणि कधी थांबला, हे वहीत लिहून ठेवा. असं तीन दिवस करा. एका दिवसाच्या नोंदीवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. रात्री इंजिन थांबताना कोणता कॅम (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा, फिरत्या दांड्यावरचा उंचवटा) कुठल्या स्थितीत अडकला, त्यावरही सकाळचा आवाज बदलतो.

आवाज थांबायला किती वेळ लागतो?

एक ते तीन सेकंद, आणि आवाज टिकटिकीपेक्षा साखळी हलवल्यासारखा खडखड असेल, तर संशय टायमिंग चेनवर किंवा व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणाऱ्या कॅम फेजरवर घ्या. चेनचा टेन्शनर (तिला ताणून धरणारा भाग) बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतो. दाब येईपर्यंत चेन ढिली राहते आणि कव्हरला किंवा गाइडला (तिच्या वाटेतल्या पट्टीला) आपटते.

पाच-दहा सेकंदांत, फार तर मिनिटभरात थांबणारी बारीक टिकटिक बहुतेक वेळा हायड्रॉलिक टॅपेटची असते. रात्रभरात त्यातलं ऑइल निथळून गेलेलं असतं आणि सकाळी ते पुन्हा भरावं लागतं.

दोन मिनिटांपासून दहा-पंधरा मिनिटांपर्यंत टिकणारा, इंजिन तापेल तसा विरत जाणारा आवाज ऑइल पोहोचण्याशी जोडलेला नसतो. तो धातू तापून फुगण्याशी जोडलेला असतो. इथे दोन संशयित आहेत: एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाची) गळती आणि पिस्टनची सिलिंडरला बसणारी थाप. बहुतेक चुका याच ठिकाणी होतात. ऑइल इतकी मिनिटं वाटेत राहत नाही, तरीही टॅपेटलाच दोषी धरलं जातं.

आवाज अजिबात थांबत नसेल, गरम झाल्यावरही तसाच राहत असेल, तर वाढलेलं टॅपेट क्लिअरन्स (टॅपेटजवळची फट), झिजलेला कॅम किंवा इंजेक्टरचा (इंधन फवारणाऱ्या भागाचा) नेहमीचा आवाज यांपैकी काहीतरी असेल. गरम झाल्यावर तो उलट वाढत असेल तर ऑइलचा दाब कमी आहे का ते तपासा, कारण तापल्यावर ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून सहज निसटतं.

दुसरी पायरी: टिकटिक मोजा

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा, सेकंदाला साडेसहा-सात वेळा उघडतो. क्रँकच्या बाजूचा, म्हणजे बेअरिंगचा किंवा फ्लायव्हीलचा ठोका साधारण प्रत्येक फेऱ्याला एक, म्हणून तो सेकंदाला १३ च्या आसपास येतो.

नुसत्या कानाने हे मोजता येत नाही. रेकॉर्डिंग पाव वेगाने वाजवा. मग ८०० आरपीएमला दहा सेकंदांत एका व्हॉल्व्हचे साधारण १७ टोले ऐकू येतील आणि क्रँकचे ३३ च्या आसपास. थंड इंजिन आयडलिंगला जास्त फिरतं, त्यामुळे त्या क्षणी टॅकोमीटर किती दाखवत होता ते रेकॉर्डिंगमध्ये बोलून ठेवा आणि हिशेब त्यावरून करा.

या मोजणीला मर्यादा आहेत. दोन टॅपेट एकाच वेळी वाजत असतील तर आकडा दुप्पट होतो. एका सिलिंडरची एक्झॉस्ट गळतीही कॅमच्याच गतीने वाजते. पिस्टनची थाप पॉवर स्ट्रोकला सर्वांत जोरात पडते, म्हणून तीही तशीच ऐकू येते. तेव्हा मोजणीवरून संशय घ्या, निकाल देऊ नका.

तिसरी पायरी: आवाजाची जागा शोधा

फ्रेंच डॉक्टर लाएनेक यांनी १८१६ साली छातीतले आवाज ऐकण्यासाठी स्टेथोस्कोप शोधला. मेकॅनिकच्या स्टेथोस्कोपमागे तेच तत्त्व आहे, फक्त त्याच्या टोकाला धातूची काडी असते. तो नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हर चालतो. त्याचं टोक इंजिनवर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची. हात निसटला तरी तो कानात घुसणार नाही आणि बेल्टकडे जाणार नाही, अशा पद्धतीने धरा.

टॅपेट कव्हरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोड्या-थोड्या अंतराने ऐका. आवाज जिथे अचानक टोकदार होतो, तो सिलिंडर लिहून ठेवा. मग प्रत्येक इंजेक्टरवर, पुढच्या टायमिंग कव्हरवर, ब्लॉकच्या बाजूला आणि शेवटी खाली चेंबरवर (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यावर) ऐका. कव्हरवर स्पष्ट आणि चेंबरवर पुसट असेल तर दोष वर आहे. चेंबरवर जास्त घुमत असेल तर खेळ थांबवा आणि जाणकाराला बोलवा.

एक्झॉस्टची गळती या काडीने सापडत नाही, कारण तो हवेचा आवाज असतो. त्यासाठी फूट-दीड फूट रबरी नळी घ्या. एक टोक कानाजवळ धरायचं, दुसरं मॅनिफोल्डच्या जोडांजवळून हळूहळू फिरवायचं, गरम भागाला मात्र टेकवायचं नाही. गळती असलेल्या जागी नळीतून फट-फट असा झोत स्पष्ट ऐकू येतो.

चौथी पायरी: ऑइल आणि फिल्टर

संशय कशावरही असो, पहिली दुरुस्ती इथूनच सुरू करा. ती सोपी आहे, आणि टॅपेट, टेन्शनर, फेजर या तिघांचंही काम ऑइलवरच चालतं.

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला आणि मग वाचा. पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर पंप वळणावर किंवा चढावर हवा ओढू शकतो. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइलही तितकंच वाईट. क्रँक त्यात बुडून फिरला की ऑइलला फेस येतो, आणि फेसाळलेल्या ऑइलने भरलेला टॅपेट स्पंजासारखा दबतो. ऑइल बदलल्यानंतर टिकटिक सुरू झाली असेल तर आधी हेच पाहा.

मग ग्रेड. ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो (डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा) आणि दुसरा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते. सुरुवातीच्या टिकटिकीसाठी पहिला आकडा महत्त्वाचा. आवाज दाबायला दाट ऑइल टाकण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण थंड सुरुवातीच्या आवाजावर तो बहुधा उलटा पडतो. दाट ऑइल वरच्या भागात पोहोचायला जास्त वेळ घेतं. शिवाय कॅम फेजरच्या बारीक वाटा ठरावीक दाटपणाच्या ऑइलसाठीच बनवलेल्या असतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेड आणि कंपनीने मागितलेला दर्जा असलेलं ऑइलच घाला.

आता फिल्टर. याच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. फिल्टरच्या आत रबराची एक लवचीक चकती असते. इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे चेंबरमध्ये परत जाऊ नये म्हणून ती वाट बंद करते. साध्या रबराची चकती उष्णतेने कडक होते आणि नीट बसत नाही. सिलिकॉनची चकती जास्त काळ मऊ राहते. चकती गळकी असेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो, आणि सकाळी पंपाला आधी फिल्टर भरावा लागतो, मग वरच्या वाटा. तेवढा वेळ टॅपेट कोरडे वाजतात. आडव्या किंवा उलट्या बसवलेल्या फिल्टरमध्ये हा त्रास जास्त जाणवतो. कार्ट्रिज फिल्टरच्या (फक्त आतला गाळणीचा भाग बदलायच्या) गाड्यांत हीच झडप फिल्टरच्या घरात असते, म्हणून तिथले रबरी रिंग नवे टाका.

ऑइल बदलताना असं करा. इंजिन कोमट होईपर्यंत चालवा, उकळतं नको. गाडी जॅकवर नाही, पक्क्या स्टँडवर घ्या. ड्रेन बोल्ट काढून ऑइल पूर्ण निथळू द्या. निघालेलं ऑइल स्वच्छ भांड्यात घेऊन उजेडात बघा: बारीक करड्या चमकीचा लवलेश जुन्या इंजिनात दिसू शकतो, पण नजरेत भरणारे कण किंवा पितळी रंगाचे पापुद्रे दिसले तर बेअरिंग झिजतायत. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना ते बोटाने चाचपा. दोन रिंग एकावर एक बसल्या तर ऑइल भसाभस बाहेर येतं. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, फिल्टर हाताने फिरवा आणि रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा आवळा. फिल्टर उभा बसत असेल तर तो आधी ऑइलने भरून घ्या. ड्रेन बोल्टचा वायसर नवा टाका. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना रेस देऊ नका, लाल दिवा विझेपर्यंत आयडलिंगलाच राहू द्या. मग बंद करून पातळी पुन्हा पाहा.

दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा तीन सकाळ रेकॉर्डिंग करा. आवाजाचा वेळ दहा सेकंदांवरून एक-दोन सेकंदांवर आला तर दोष फिल्टरचा किंवा ऑइलचा होता.

इंजिन फ्लशबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आत वर्षानुवर्षांचा गाळ असेल तर तो एकदम सोडवू नये. सुटलेला गाळ चेंबरमधल्या पिकअपच्या (पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या नळीच्या) चाळणीवर बसतो आणि पंपाची वाट बंद करतो. त्यापेक्षा योग्य दर्जाचं ऑइल घालून नेहमीच्या निम्म्या अंतरावर दोन-तीन वेळा ऑइल-फिल्टर बदला. गाळ हळूहळू, फिल्टरमध्ये अडकत निघतो. फिलर कॅप उघडून आत काळा, लोण्यासारखा थर दिसत असेल तर चेंबर उतरवून चाळणी हाताने साफ करणं सर्वांत सुरक्षित.

हायड्रॉलिक टॅपेट वाजत असतील तर

व्हॉल्व्ह आणि कॅममधली फट ऑइलच्या दाबाने स्वतःच भरून काढणारा हा भाग. १९३० साली कॅडिलॅकच्या व्ही-१६ इंजिनात तो आला, तोही इंजिनाचा आवाज कमी करण्यासाठीच. आत एक छोटा प्लंजर, स्प्रिंग आणि गोळीची झडप असते. गोळीखाली घाणीचा कण अडकला किंवा प्लंजर झिजला की ऑइल आत टिकत नाही.

आधी हवा काढून पाहा. काही कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली पद्धत साधी आहे: इंजिन गरम करा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आयडलिंगपासून सावकाश ३००० आरपीएमपर्यंत न्या, पुन्हा सावकाश आयडलिंगला आणा. हे १५ ते ३० वेळा करा. टॅपेटमध्ये हवा असेल तर बहुधा याच काळात आवाज थांबतो. लांबच्या रस्त्यावर तासभर चालवल्यानेही पुष्कळदा हाच परिणाम मिळतो.

नाही थांबला तर कव्हर उघडावं लागतं. इंजिन तापवून बंद करा आणि कव्हर काढा. ज्या टॅपेटचा कॅम वर, म्हणजे टॅपेटपासून दूर वळलेला आहे, तो लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या दांडीने दाबा. धातूच्या टोकाने दाबू नका, पृष्ठभागाला ओरखडा पडतो. चांगला टॅपेट घट्ट लागतो. खराब टॅपेट सहज खाली जातो आणि कॅमखाली फट उघडते. क्रँक पान्याने फिरवत एकेक तपासा आणि पहिल्या तीन दिवसांच्या नोंदींशी जुळवा.

टॅपेट बदलताना कॅमचा उंचवटा बोटाच्या नखाने तपासा. त्यावर खड्डे किंवा चरे असतील तर नुसता टॅपेट बदलून काही दिवसांत तोच आवाज परत येईल. नवे टॅपेट बसवल्यावर लगेच सेल्फ मारू नका. नवा टॅपेट जास्त फुगलेला असेल तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि पिस्टनला लागू शकतो. त्यासाठी काही कंपन्या अर्धा तास थांबायला सांगतात. थांबा, मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही अडलं तर जोर लावू नका, आधी कारण शोधा.

स्क्रू किंवा शिमचे टॅपेट: क्लिअरन्स सेट करणं

सगळ्याच इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट नसतात. तुमच्या गाडीत कोणते आहेत ते मॅन्युअलमध्ये पाहा. क्लिअरन्सचे आकडे दिलेले असतील तर ते हाताने सेट करायचे आहेत. अनेक गाड्यांत इनटेकसाठी ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टसाठी ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर अशी फट असते, पण सेट करताना तुमच्या इंजिनाचाच आकडा घ्या.

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, स्पार्क प्लग काढा म्हणजे क्रँक हलक्या हाताने फिरेल. कव्हर काढताना प्लगच्या खड्ड्यांत कचरा पडू देऊ नका. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. तपासायच्या व्हॉल्व्हचा कॅम टॅपेटच्या बरोबर उलट दिशेला आला की फिलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्यांच्या संचातली) पट्टी घाला. ती हलक्या घर्षणाने सरकायला हवी. सैल पडली तर जाडी वाढवा, जोर लागला तर कमी करा. प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा कागदावर सिलिंडरनुसार मांडा आणि सगळं मोजून होईपर्यंत काहीही बदलू नका.

स्क्रूचे टॅपेट असतील तर लॉकनट सैल करून, पट्टी आत ठेवूनच स्क्रू फिरवा, मग नट आवळा आणि पुन्हा मोजा. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. शिम (जिच्या जाडीवर फट ठरते ती चकती) असेल तर हिशेब असा: नवी शिम = जुनी शिम + मोजलेली फट − हवी असलेली फट. समजा जुनी शिम २.६० मिलिमीटर, मोजलेली फट ०.३८ आणि हवी ०.२८. मग नवी शिम २.७० मिलिमीटर.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. आवाज पूर्ण बंद करण्याच्या नादात फट मर्यादेपेक्षा कमी करू नका. थोडी जास्त फट टिकटिकते, पण इंजिन लगेच मरत नाही. कमी फट मात्र आवाज न करता व्हॉल्व्ह जाळते: व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागात) जात नाही आणि कड जळते. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या इंजिनांत व्हॉल्व्ह सीट झिजून ही फट आपोआप कमी होत जाते. म्हणून तशा गाडीचे टॅपेट शांत असले तरी ठरलेल्या अंतरावर मोजा.

कव्हर बसवताना गॅस्केट नवं टाका आणि बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, टॉर्क रेंचने आवळा. हे छोटे बोल्ट जास्त आवळले की ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे निघून येतात.

एक्झॉस्टची गळती: टॅपेटचा हुबेहूब भास

एका गाडीचा असा आवाज मी स्वतः कित्येक आठवडे टॅपेटचा समजत होतो. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, काही फरक नाही. वहीतल्या नोंदी पुन्हा वाचल्या तेव्हा दिसलं की आवाज दर वेळी चौथ्या-पाचव्या मिनिटाला थांबत होता. मॅनिफोल्डवरचं उष्णतेचं पत्र्याचं कवच काढलं, तर शेवटच्या सिलिंडरचा स्टड (मॅनिफोल्ड धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) तुटलेला आणि भोवती काळ्या काजळीचा पंखा उमटलेला.

मॅनिफोल्ड तापून लांबतो आणि सर्वांत जास्त ताण टोकांना येतो, म्हणून टोकाचे स्टड आधी तुटतात. थंड असताना फटीतून प्रत्येक स्फोटाचा झोत टिक करून निघतो, तापल्यावर धातू फुगून फट मिटते. इंजिनवर भार आला की, म्हणजे चढावर किंवा गिअर टाकून पिकअप घेताना, हा आवाज वाढतो. टॅपेटचा आवाज भारापेक्षा आरपीएमबरोबर बदलतो.

खात्री करायची तर थंड इंजिन बंद असताना व्हॅक्यूम क्लीनरचा फुंकणारा झोत सायलेन्सरच्या नळीत सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी फवारा. गळतीच्या जागी बुडबुडे येतील. त्याच वेळी स्पार्क प्लगच्या मुळाशीही बघा. सैल प्लगमधूनही असाच आवाज येतो आणि प्लगभोवती काजळी दिसते. तो थंड इंजिनात ठरलेल्या टॉर्कवर आवळला की काम संपतं.

मॅनिफोल्ड काढायचा असेल तर आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट अडला तर थोडा पुढे, थोडा मागे असा सोडवा. घाईत दुसरा स्टड तुटला की हेड उतरवायची वेळ येऊ शकते. मॅनिफोल्डची सपाटी धातूच्या सरळ पट्टीने तपासा. वाकलेल्या मॅनिफोल्डवर नवं गॅस्केट टिकत नाही. गॅस्केट, स्टड आणि नट तिन्ही नवे घ्या आणि मधून टोकांकडे दोन-तीन टप्प्यांत आवळा. हे काम पुढे ढकलू नका. या फटीतून निघालेला धूर केबिनमध्ये शिरू शकतो.

चेनची खडखड

इथे प्रयोग करत बसू नका. ऑइल-फिल्टर बदलूनही दोन-तीन सेकंदांची खडखड राहिली तर स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी००१६ ते पी००१९ यांपैकी कोड मिळाला तर क्रँक आणि कॅमची वेळ जुळत नाही. चेन ताणली गेली असेल किंवा टेन्शनर खचला असेल. चेन दातावरून सरकली की अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो आणि सगळे व्हॉल्व्ह वाकतात. चेन, टेन्शनर आणि गाइड एकत्रच बदलून घ्या. हे काम टायमिंग लॉक करायची हत्यारं असलेल्या माणसाकडेच द्या.

जे आवाज तसेच राहू द्यायचे

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप मोठ्याने टिकटिकतात. थंड असताना ते जास्त ऐकू येतं. सगळ्या इंजेक्टरवर आवाज सारखा असेल तर ठीक आहे, एकाच इंजेक्टरचा वेगळा असेल तर तो तपासा. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनकडे नेणारा पर्ज व्हॉल्व्हही मधूनमधून टिकटिकतो. त्यावर बोट ठेवलं की ठोके हाताला लागतात.

खोल ठोका असेल तर

पिस्टनची थाप बोथट आणि पोकळ असते, बेअरिंगचा ठोका जड. संशयित सिलिंडरच्या इंजेक्टरचा विजेच्या तारेचा प्लग इंजिन चालू असताना काही सेकंद काढला आणि आवाज मंदावला, तर दोष पिस्टनच्या किंवा बेअरिंगच्या बाजूला आहे, कारण त्या सिलिंडरमधला स्फोटाचा जोर गेला. टॅपेटच्या आवाजात यामुळे फरक पडत नाही. स्पार्क प्लगची कॉइल काढून ही चाचणी करू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो तापतो. थेट फवाऱ्याच्या पेट्रोल इंजिनात आणि कॉमन-रेल डिझेलमध्ये इंजेक्टरची तार हाताने काढायची नाही. तिथे व्होल्टेज जास्त असतं, हेच काम स्कॅनरवरून होतं.

तापल्यावर जाणारी पिस्टनची थाप घेऊन इंजिन पुष्कळ चालू शकतं. फक्त गरम होईपर्यंत रेस देऊ नका आणि ऑइल वेळेवर बदला. बेअरिंगचा ठोका मात्र चालवून बरा होत नाही. चेंबर उघडायला सांगण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या: ऑइलचा प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा आणि गरम इंजिनावर ऑइलचा दाब मॅन्युअलशी ताडून पाहा. आणि ऑटोमॅटिक गाडी असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट सैल नाहीत ना, फ्लेक्सप्लेटला (इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टर जोडणाऱ्या पातळ चकतीला) तडा नाही ना ते बघा. तो आवाज बेअरिंगसारखाच लागतो आणि त्यापायी चांगली इंजिनं उघडली जातात.

दुरुस्ती कुठलीही असो, मोबाइल पुन्हा त्याच जागी टेकवून, तेवढेच तास गाडी उभी ठेवून तीन सकाळ रेकॉर्डिंग करा आणि जुन्या रेकॉर्डिंगशेजारी वाजवून बघा. महिन्याभराने आणखी एकदा करा. गळकी फिल्टरची चकती किंवा नीट न बसलेलं गॅस्केट तेवढ्या वेळात पुन्हा वाजायला लागतं.